उशिरा वाचणारी मुलं : किती थांबायचं, कधी हलायचं



आजचा विषय घरोघरचा आहे. मूल पहिली संपवून दुसरीत गेलं. शेजारचं त्याच वयाचं मूल दुकानांच्या पाट्या वाचत चालतं, आणि आपलं मात्र पुस्तक उघडलं की पाणी प्यायला उठतं. आजी म्हणते, "त्याचा बापही उशिराच वाचायला लागला होता, होईल सगळं." शाळा म्हणते, "घरी जरा लक्ष द्या." शिकवणीच्या बाई म्हणतात, "रोज पाठवा." तिघांचंही थोडं थोडं बरोबर असू शकतं, आणि म्हणूनच आई-बाप गोंधळतात. थांबायचं, की धावपळ सुरू करायची?

आजच्या भागात एवढंच समजून घ्यायचं आहे, की 'उशीर' हा शब्द एकच असला तरी त्यामागची कारणं वेगवेगळी असतात. काही मुलांना लिपी आणि भाषा यांच्या गुंत्यामुळे वेळ लागतो. काहींना नीट शिकवलेलंच नसतं. आणि काहींच्या मेंदूला अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणं मुळातच जड जातं. दुसरीच्या वर्गात ही तिन्ही मुलं अगदी सारखी दिसतात. उपाय मात्र सारखे नाहीत.

उदाहरणासाठी आपण बंगळुरूतली बनशंकरी घेऊ. हे नाव मराठी घरांना परकं नाही. बदामीची बनशंकरी अनेक मराठी घराण्यांची कुलदेवता आहे. बंगळुरूच्या दक्षिण भागात कनकपुरा रस्त्यावर तिचं देऊळ आहे आणि त्यावरून तिथल्या वस्तीला हे नाव पडलं. नोकरीनिमित्त गेलेली मराठी कुटुंबं अशा भागांत राहतात. घरात मराठी, खाली खेळताना कन्नड आणि हिंदी, शाळेत इंग्रजी. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानुसार शाळेत कन्नडही शिकावी लागते. बडोदा, इंदूर, हैदराबाद, बेळगाव इथल्या मराठी घरांत भाषांची नावं बदलतील, प्रश्न हाच राहील.

एक नाव, तीन वाचनं

'बनशंकरी' हाच शब्द घ्या. देवनागरीत पाच अक्षरं: ब, न, शं, क, री. कन्नड लिपीतही पाचच. मेट्रो स्थानकाच्या पाटीवरच्या इंग्रजी नावात मात्र बारा अक्षरं आहेत, आणि त्यांतलं 'ए' चार वेळा येतं. इथे ते चारही वेळा 'अ' म्हणून वाचायचं. पण शाळेच्या पुस्तकात हेच 'ए' 'कॅट'मध्ये वेगळं, 'केक'मध्ये वेगळं आणि 'कार'मध्ये आणखी वेगळं.

आता उच्चार ऐका. आपण मराठीत 'बन्-शं-क-री' म्हणतो. टाळ्या वाजवत म्हटलं तर चार टाळ्या. कन्नड माणूस 'ब-न-शं-क-री' असा 'न' पूर्ण म्हणतो, म्हणजे पाच टाळ्या. कन्नडमध्ये साधारणपणे जे अक्षर लिहिलं ते पूर्ण म्हटलं जातं. मराठीत लिहिलेला 'अ' पुष्कळदा गिळला जातो. 'कमळ' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना 'क-मळ्'. तुम्हाआम्हाला हा नियम कुणी शिकवला नाही, जिभेला तो आपोआप येतो. पण क, म, ळ असं सुटं सुटं वाचणाऱ्या मुलाला त्या तीन आवाजांमधून ओळखीचं 'कमळ' शोधून काढावं लागतं. ज्याच्या कानावर मराठी कमी पडलं आहे, त्याला तर शोधायचं काय हेच माहीत नसतं.

त्यात आपल्या 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार. 'चार' आणि 'चारा' म्हणून बघा. चिन्ह एकच, आवाज दोन. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर म्हणायची. 'र' तर 'सूर्य', 'क्रम' आणि 'ट्रक' या तीन शब्दांत तीन वेगळी रूपं घेतो. कन्नडमध्ये जोडाक्षराचं दुसरं व्यंजन खाली लटकतं, मराठीत बहुतेक वेळा पहिलं व्यंजन अर्धं होतं. कन्नडमधली 'प' आणि 'व' ही अक्षरं दिसायला जुळी बहिणींसारखी. मराठीत 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' तशीच.

अशा मुलाला वाचायला एखादं वर्ष जास्त लागलं तर त्यात नवल काय?

आपल्या लिप्यांना वेळ लागतोच

या बाबतीत बंगळुरूतच महत्त्वाचं काम झालं आहे. तिथल्या 'द प्रॉमिस फाउंडेशन' या संस्थेशी संबंधित संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातला निष्कर्ष पालकांना दिलासा देणारा आहे. इंग्रजीची सव्वीस अक्षरं मुलं सुरुवातीच्या वर्षा-दीड वर्षात ओळखू लागतात, पण कन्नड अक्षरांची पूर्ण ओळख व्हायला चौथीपर्यंतचा काळ जाऊ शकतो. शब्दाचे सुटे ध्वनी ओळखण्याची जाणही सावकाश येते.

कारण साधं आहे. हिशेब करून बघा. देवनागरीत ३४ व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी. ३४ गुणिले १२ म्हणजे ४०८ रूपं. त्यावर जोडाक्षरं वेगळी. कन्नडमध्येही व्यंजनं ३४ च. सगळी रूपं सुटी पाठ करावी लागत नाहीत हे खरं, कारण काना-मात्रा-वेलांटीचे नियम असतात. पण ते नियम डोळ्यांत आणि हातात बसायला दिवस लागतात.

इंग्रजीची अडचण याच्या उलट आहे. २००३ साली स्कॉटलंडमधल्या डंडीचे फिलिप सीमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा युरोपीय भाषांतल्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. पहिलीच्या अखेरीला फिनिश, ग्रीक, जर्मन मुलं ओळखीचे सोपे शब्द शंभरातले ९५ हून अधिक बरोबर वाचत होती. इंग्रजी वाचणारी स्कॉटिश मुलं वाचत होती ३४. ही मुलं वयानं थोडी लहान होती, पण एवढा फरक फक्त वयाचा नव्हता. थोडक्यात, इंग्रजीत चिन्हं मूठभर पण नियम बेभरवशाचे. मराठी-कन्नडमध्ये नियम भरवशाचे पण चिन्हं ढीगभर. बनशंकरीतलं मराठी मूल या दोन्ही डोंगरांवर एकाच वेळी चढत असतं.

म्हणून पहिलं सूत्र असं. दुसरीतल्या मुलाला जोडाक्षरं अडतात, दुसरी-पहिली वेलांटी चुकते, कधीमधी अक्षर उलटं लिहिलं जातं, एवढ्यावरून घाबरू नका. पाच-सहा वर्षांची पुष्कळ मुलं अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी लिहितात. पुढे ते आपोआप थांबतं.

उशिरा सुरुवात आणि उशिरा पोहोचणं

आता आजीच्या 'होईल सगळं'कडे वळू. त्याच्या बाजूनंही पुरावा आहे. फिनलंडमध्ये मुलं सातव्या वर्षी शाळेत जातात आणि उत्तम वाचतात. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सुगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेली मुलं आणि सातव्या वर्षी शिकू लागलेली मुलं यांची तुलना केली. त्यांचा निबंध २०१३ साली आला. अकराव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही गटांच्या वाचनात फरक उरला नव्हता. दोन वर्षं आधी सुरुवात करून कायमचा फायदा झालेला दिसला नाही.

हे ऐकून पुष्कळ पालक सुटकेचा श्वास सोडतात आणि म्हणतात, म्हणजे थांबलं तर चालेल. इथे जरा सावकाश जाऊ या, कारण सगळी गोम इथेच आहे.

न्यूझीलंडमधल्या त्या दुसऱ्या गटाला सातव्या वर्षापर्यंत वाचन शिकवलेलंच नव्हतं. ती मुलं गोष्टी ऐकत होती, गाणी म्हणत होती, खेळत होती. वर्गातली सगळीच तशी होती. मागे पडल्याची भावना कुणाच्या मनात नव्हती. मग शिकवायला लागल्यावर ती भराभर शिकली. ही झाली उशिरा सुरुवात.

आपल्या दुसरीतल्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याला तीन-चार वर्षं शिकवलं जात आहे. लहान गटात अक्षरं गिरवली, मोठ्या गटात शब्द लिहिले, पहिलीत धडे झाले. शिकवूनही आलं नाही. हे झालं उशिरा पोहोचणं. पहिल्या प्रकारच्या उशिराचा दिलासा दुसऱ्या प्रकारच्या उशिराला देता येत नाही.

दुसऱ्या प्रकारात नुसतं थांबलं तर काय होतं, तेही पाहू. अमेरिकेत कॉनी ज्यूल यांनी ५४ मुलांचा पहिलीपासून चौथीपर्यंत मागोवा घेतला. १९८८ मधल्या त्यांच्या निबंधानुसार, पहिलीच्या अखेरीस वाचनात कच्चं असलेलं मूल चौथीच्या अखेरीसही कच्चंच राहण्याची शक्यता १०० मध्ये ८८ इतकी होती. कारण वाचणारं मूल वाचत राहतं, त्याचे शब्द वाढतात, मग आणखी वाचतं. न वाचणारं मूल वाचन टाळतं आणि दरी रुंदावते. हा आकडा नशिबाचा लेख समजू नका. वेळेवर नेमकी मदत मिळाली तर चित्र बदलतं. पण ती मदत आपोआप उगवत नाही.

आधी विचारा : नीट शिकवलं आहे का?

मूल वाचत नाही म्हटल्यावर आपण मुलात खोट शोधतो. आधी शिकवण्यात शोधायला हवी. 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे २३ मुलंच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. उरलेल्या ७७ मुलांच्या मेंदूत दोष आहे असं कोण म्हणेल?

पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातलं यादगीर, या दोन ठिकाणी शैलजा मेनन आणि त्यांच्या चमूनं पहिली ते तिसरीच्या मुलांचा तीन वर्षं अभ्यास केला. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांचा असा एकत्र अभ्यास दुर्मीळच. २०१७ मध्ये त्याचा अहवाल आला. वर्गात वेळ कशात जातो? अक्षरं गिरवण्यात, फळ्यावरचं उतरवून घेण्यात, एका सुरात म्हणण्यात. अर्थ, गप्पा, गोष्टी, स्वतःच्या मनातलं लिहिणं यांना जागा फार थोडी. मुलं मूळाक्षरांपर्यंत पोहोचतात आणि काना-मात्रा, जोडाक्षरं यांच्यापाशी अडकतात.

शहरातली महागडी शाळाही यातून सुटत नाही. तिथे मूल धडा घडाघडा म्हणतं, पण पाठ केलेला असतो म्हणून. एक साधी चाचणी करा. चित्र हातानं झाका आणि चौथ्या ओळीतला तिसरा शब्द कोणता ते विचारा. जे मूल ओळीच्या सुरुवातीपासून म्हणत तिथवर येतं, ते वाचत नाही, आठवत आहे. बाराखडीचंही तसंच. 'क का कि की' सुरात म्हणणाऱ्या मुलाला सुटं 'की' दाखवा. ते मनातल्या मनात 'क'पासून मोजत येत असेल, तर बाराखडी अजून गाणंच आहे.

डिस्लेक्सिया म्हणजे काय

आता तिसरं कारण. १८९६ साली इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. मुलगा तल्लख होता, गणितात चांगला होता, पण साधे शब्द त्याला वाचता येत नव्हते. सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. डिस्लेक्सियाचं इतकं नेमकं वर्णन आजही सापडणं कठीण. कानानं घेतलेलं सगळं कळतं, डोळ्यानं घेतलेलं अडतं.

बोलणं मूल आपोआप शिकतं, वाचणं तसं नाही. लेखन जेमतेम पाच हजार वर्षांचं आहे. मेंदूत वाचनासाठी तयार जागा नसते. बघण्याची आणि बोलण्याची यंत्रणा जोडून ती घडवावी लागते. डिस्लेक्सियात ही जोडणी सहज होत नाही. मुख्य अडचण शब्दातले आवाज सुटे करण्यात आणि ते चिन्हांशी झटकन जुळवण्यात असते. त्याचा बुद्धीशी संबंध नाही, आळसाशी नाही, आणि आईनं नोकरी केली याच्याशी तर मुळीच नाही. जगभर शंभरातल्या पाच ते दहा मुलांना ही अडचण कमी-अधिक असते असा ढोबळ अंदाज आहे. घराण्यातही ती चालत येते. म्हणून आजीनं सांगितलेलं 'त्याचा बापही उशिरा वाचायला लागला' हे वाक्य नुसतं दिलासा म्हणून ऐकू नका, माहिती म्हणून टिपून ठेवा.

दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं डिस्लेक्सिया होत नाही. 'घरी मराठी बंद करा' असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. उलट घरच्या भाषेतला शब्दसाठा हा वाचनाचा पाया असतो. डिस्लेक्सिया भाषेगणिक बदलतही नाही. बदलतं त्याचं दिसणं. इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी बोलणाऱ्या डिस्लेक्सिक प्रौढांच्या मेंदूचा एक अभ्यास २००१ साली झाला. मेंदूतला फरक तिघांत सारखाच होता, पण इटालियन मंडळी वाचनात कमी अडखळत होती, कारण त्यांचं स्पेलिंग सरळ असतं. मराठी-कन्नडमध्येही असं मूल पुढे पुढे बरोबर वाचू लागतं, पण फार हळू वाचतं. चुका कमी झाल्या म्हणून अडचण संपली असं समजू नये. वेगाकडेही लक्ष ठेवावं.

घरी काय बघायचं

निदान करणं आपलं काम नाही. पण पाच गोष्टी घरी बघता येतात.

पहिली, डोळे आणि कान. चष्म्याचा नंबर आणि ऐकणं, दोन्ही तपासून घ्या. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठून ऐकू कमी येतं आणि घरात कुणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरी, आवाजांचे खेळ. मुलाला जी भाषा सर्वांत चांगली येते तिच्यातच खेळा. 'भाकरी'तून 'भा' काढला तर काय उरलं? 'पाटी'सारखा संपणारा दुसरा शब्द सांग. भेंड्या खेळा. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे वारंवार खेळूनही जमत नसेल, तर नोंद करा.

तिसरी, ऐकून समजणं. गोष्ट वाचून दाखवा आणि गप्पा मारा. ऐकलेलं छान कळतं, पण तेच वाचायला दिलं की अडतं, तर अडचण वाचनाची आहे. ऐकूनही कळत नसेल, तर त्या भाषेची ओळखच कमी असू शकते, किंवा अडचण भाषेच्या आकलनाची असू शकते.

चौथी, किती भाषांत अडतं? फक्त कन्नड अडत असेल तर बहुधा कानावर कन्नड कमी पडलं आहे. खाली मैदानात खेळायला पाठवणं हा तिथे अर्धा उपाय. पण रोज बोलण्यातल्या भाषेसह शिकवलेल्या सगळ्याच लिप्या अडत असतील, तर पुढची तपासणी हवी.

पाचवी, मुलाचं वागणं. वाचायची वेळ आली की पोट दुखतं, वही हरवते, वर्गात विदूषकी चालते. ही ढोंगं वाटतात. पुष्कळदा ती लाज लपवण्याची धडपड असते.

दहा-बारा आठवड्यांचा नेम

आता कामाचं बोलू. कारण तीनपैकी कोणतंही असो, पहिलं पाऊल एकच आहे. रोज वीस मिनिटं, दहा-बारा आठवडे, नेमकं शिकवणं. एका वेळी एकच लिपी घ्या. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तरी मुलाची बोली मराठी असेल तर देवनागरीपासून सुरुवात करायला हरकत नाही, कारण इथे अक्षर आणि आवाज यांचं नातं सरळ आहे. शाळेत हिंदी असेल तर तीच लिपी तिथेही कामाला येते.

बाराखडीच्या क्रमानं जाऊ नका. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्याचं जे काम केलं, त्यातला धडा हाच आहे, की मोजकी अक्षरं घ्यावीत आणि पहिल्या दिवसांपासून त्यांचे अर्थाचे शब्द करावेत. उदाहरणार्थ क, म, ल, स, र आणि काना एवढंच घ्या. काम, मका, मामा, लाल, रस, मासा, साल, माल, सरक... पाच अक्षरं आणि एक काना यांत केवढा संसार उभा राहतो पाहा. 'क'पासून 'ज्ञ'पर्यंत पोहोचण्याची वाट बघणारं मूल कंटाळतं. तिसऱ्या दिवशी 'मामा' वाचणारं मूल मामाला फोन करतं.

वीस मिनिटांची वाटणीही सांगून ठेवते. पाच मिनिटं आवाजांचे खेळ. पाच मिनिटं जुनी अक्षरं आणि एखादं नवं. पाच मिनिटं शब्द आणि वाक्यं वाचणं, ते मूल वाचणार. शेवटची पाच मिनिटं तुम्ही वाचणार, त्यानं फक्त ऐकायचं. ही शेवटची पाच मिनिटं कधीही शिक्षा म्हणून कापू नका. वाचता येत नसलं तरी गोष्टींवरचा त्याचा हक्क जात नाही.

काय करू नका, तेही सांगते. दहा वेळा लिहून काढायला लावू नका. पाहुण्यांसमोर वाचायला सांगू नका. चुलत भावंडांशी तुलना करू नका. रंगीत चष्मे किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया बरा होतो असं सांगणाऱ्यांकडे पैसे घालवू नका. त्याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००९ मध्येच स्पष्ट केलं आहे.

रोजची नोंद ठेवा. किती अक्षरं, किती शब्द, किती वेळ. दहा-बारा आठवड्यांनी मूल स्पष्टपणे पुढे सरकलं असेल, तर उशीर लिपीचा किंवा शिकवण्याचा होता. नेम चालू ठेवा. इतकं करूनही काल आलेलं आज पुसलं जात असेल, तर आता थांबू नका. ती वही घेऊन तज्ज्ञांकडे जा. तुमच्या नोंदी त्यांना फार उपयोगी पडतात.

तपासणी आणि हक्क

बंगळुरूत राहणाऱ्यांसाठी निम्हान्स ही देशातली नावाजलेली संस्था शहरातच आहे. अध्ययन अक्षमता तपासण्यासाठी तिथे तयार झालेली चाचणीमाला देशभर वापरली जाते. इंग्रजी चाचणीवरून मराठी मुलाचं मोजमाप करू नये, ही जुनी तक्रार होती. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंह यांच्या पुढाकारानं 'डाली' ही तपासणी-साधनं तयार झाली आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत आहेत आणि पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी आहेत. बनशंकरीतल्या मराठी घरासाठी यापेक्षा सोयीची यादी कोणती? तपासणीला जाल तेव्हा, मुलाची तपासणी त्याच्या भाषेतही व्हावी, असं आवर्जून सांगा.

महाराष्ट्रानं १९९६ साली अशा मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. २००७ च्या 'तारे जमीन पर'नं हा शब्द घराघरांत पोहोचवला. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला, आणि अशी मुलं लवकरात लवकर ओळखून त्यांना योग्य शिक्षण देणं ही शिक्षणसंस्थांची जबाबदारी ठरली. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिक्षकांनी ही प्राथमिक चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी करायची आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, भाषांच्या बाबतीत सूट अशा सवलती मंडळाच्या नियमांप्रमाणे मिळतात. बदली होऊन दुसऱ्या राज्यात जाणार असाल, तर मूळ अहवाल जपून ठेवा.

एक लक्षात घ्या. आठवं वर्ष हे प्रमाणपत्राच्या दिशेनं जाण्याचं वय आहे. मदत सुरू करण्यासाठी कुठल्याही कागदाची गरज नाही.

मुलाला काय सांगायचं

शेवटी सर्वांत नाजूक गोष्ट. सात वर्षांचं मूल स्वतःचं निदान आधीच करून बसलेलं असतं: 'मी ढ आहे.' वाचन तिसरीत येईल, चौथीत येईल, पण एकदा मनात बसलेला हा शब्द निघायला फार वर्षं लागतात. या सगळ्या प्रकरणात पणाला काय लागलं असेल तर हेच. वाचनाचा उशीर भरून काढता येतो, पण 'मला जमतच नाही' ही खात्री एकदा पक्की झाली की मूल प्रयत्नच सोडून देतं.

म्हणून त्याला खरं सांगा, त्याच्या भाषेत सांगा. "तुझं डोकं छान चालतं. अक्षरं ओळखायला तुला जरा जास्त सराव लागतो. तो आपण दोघं मिळून करू." खोटी स्तुती नको, काल तीन शब्द वाचले, आज पाच वाचले, एवढं दाखवलं की पुरे. आणि त्याला जे चांगलं येतं, चित्र असो, क्रिकेट असो की स्वयंपाकघरात आजीच्या हाताखाली पोळ्या लाटणं असो, ते अभ्यासाच्या नावाखाली बंद करू नका. दिवसातून निदान एक जागा अशी हवी, की तिथे ते मागे नाही.

तर मंडळी, मूल शिकायला लागलेलंच नसेल तर निवांत राहा. शिकत असूनही येत नसेल तर आजपासून वीस मिनिटं द्या. तीन महिने नेमानं देऊनही येत नसेल तर तपासणी करा. आणि या तिन्ही वेळी रात्रीची गोष्ट चालू ठेवा.

पुढच्या भागात लिहिण्याबद्दल बोलू: हस्ताक्षर, शुद्धलेखन आणि वही बघून होणारी भांडणं. तोवर नमस्कार.